मळणीयंत्रापाशी ती काय बोलली

या अंकाच्या संपादकांनी फोनवर विचारलं, "तुम्ही सिनेमात होता म्हणे?" त्यांच्या आवाजात शंका होती आणि ती रास्त होती. माझा चेहरा त्यांनी कुठे पाहिला असण्याची शक्यता नाही. त्यांच्या वडिलांनी मात्र पाहिला असेल. वऱ्हाडात त्या काळी ज्याच्या गावात एखादी पांढरी भिंत होती, त्याने मला एकदा तरी साप चावून मरताना पाहिलेलं आहे. मी मूकपटांचा नट. मूकपट माझ्या जन्माआधीच संपले हे मलाही ठाऊक आहे, पण अमरावतीत ते आमच्यामुळे पुढे बरीच वर्षं चालले.

राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत वसंतकाकांचा फोटो स्टुडिओ होता. काका माझे कोणी लागत नव्हते, ते सगळ्या गल्लीचेच काका. मी तिवशाकडच्या शेतकरी घरातला, मॅट्रिकला गणितात आपटलेला, त्यांच्याकडे फोटो धुवायला लागलो. त्यांच्याजवळ चावीचा कॅमेरा होता. जुन्या घड्याळासारखी चावी भरायची, की तो अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर घरघरत चालायचा आणि आपोआप थांबायचा. त्यावर काका निरनिराळ्या खात्यांसाठी शिकवणीचे सिनेमे काढत. कपाशीवर औषध कसं फवारायचं, संत्र्याचं कलम कसं बांधायचं, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं. त्यांत आवाज नसायचा. तोच सिनेमा एका आठवड्यात दर्यापूरकडे लागे आणि पुढच्या आठवड्यात मेळघाटात कोरकू लोकांपुढे, त्यामुळे आवाज कोणत्या भाषेत भरायचा हा प्रश्नच होता. त्यापेक्षा खात्याचा माणूस पडद्याशेजारी उभा राहून त्या त्या बोलीत समजावून सांगे. बोलणं त्याचं आणि करणं माझं.

नट म्हणून मला कोणी निवडलं नाही. ज्याला काम करायचं होतं तो आला नाही आणि काकांची नजर माझ्यावर पडली. तिथून मी शेतकरी झालो, सावकार झालो, वैदू, चोर, दारुड्या, लसीला घाबरणारा सासरा झालो. बायका कामाला मिळत नसत म्हणून दोन-तीनदा मिशी काढून बाळंतीणही झालो. त्यातला एक सिनेमा आमच्या गावात लागला. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. पोरगा पदर सावरत लेकराला न्हाऊ घालतो आहे हे ओळखून ते मधेच उठले आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आई मात्र म्हणाली, "लेकराची मान बराबर धरलीस."

आईचं ते वाक्य माझ्या आख्ख्या धंद्याचं सार आहे. लोकांना अभिनयाचं काही पडलेलं नसे, हात बरोबर पाहिजे. डवऱ्याची, म्हणजे कोळप्याची, मूठ चुकीची धरली की अंधारातून लगेच कोणीतरी ओरडे आणि मग पुढचं काही कोणी ऐकत नसे. म्हणून मी प्रत्येक काम आधी त्या त्या माणसाकडून शिकलो. मला आजही कलम बांधता येतं, गाईला बांबूच्या नाळीने औषध पाजता येतं आणि मधाचं पोळं धुराने उठवता येतं. यातलं पोटापाण्यासाठी काही केलं नाही, सगळं कॅमेऱ्यापुरतं. काकांचा नियम एकच होता. आधी पाहायचं, मग समजायचं, मग करायचं. साप दिसला की लगेच उडी मारायची नाही. आधी दिसू दे, मग तो साप आहे हे कळू दे, मग पळ. तेवढ्या वेळात पडद्याजवळचा माणूस आपलं वाक्य पुरं करतो.

एका संध्याकाळी दोन सिनेमे दाखवायची पद्धत होती. पहिल्यात मी साप चावून मेलो. गाव हळहळलं, दोन-चार बायकांनी डोळे पुसले. दुसरा लागला आणि त्यात मी ठणठणीत, ज्वारीच्या बियाण्याला औषध चोळतो आहे. लोक खवळले. एक म्हातारा उभा राहून म्हणाला, "हा तं आताच मेला ना बे." खात्याचा माणूस मुरलेला होता. तो म्हणाला, "बाप्पा, तो याचा मोठा भाऊ होता." मग सगळं गाव माझ्याकडे जास्तच प्रेमाने पाहू लागलं. भाऊ जाऊनही गडी कामाला लागला म्हणून.

आता एक आतली गोष्ट सांगतो, कारण पुढचं सारं तिच्यावर आहे. आवाज भरायचा नसला तरी आम्ही कॅमेऱ्यासमोर बोलत असू. ओठ मिटलेले असले की चेहरा मेल्यासारखा दिसतो. पण काय बोलायचं हे कोणी लिहून देत नसे. ऐकणार कोण? त्यामुळे आम्ही मनात येईल ते बोलायचो. पडद्यावर मी गंभीर चेहऱ्याने सरपंचाला खताचं प्रमाण विचारतो आहे असं दिसे. प्रत्यक्षात मी त्याला विचारत असे की डब्यात आज काय आणलं. ही सवय आमच्या हाडीमासी मुरली होती.

शालिनी आली तेव्हाही तीच सवय. ती पातूरची, अमरावतीत मावशीकडे राहून बालवाडीत शिकवायची. लेकरांच्या आहाराच्या सिनेमात बाई हवी होती आणि माझ्या बाळंतिणीला खातं कंटाळलं होतं, तेव्हा काकांनी मावशीला गळ घालून तिला आणलं. ती सावळी, उंच, आणि हसू आलं की पदर तोंडाशी नेणारी. पहिल्याच दिवशी माझी भाकरी थापायची पद्धत पाहून तिने माझ्या हातातून परात काढून घेतली. तिसऱ्या सिनेमापर्यंत मी पुरता पाघळलो होतो.

मळणीयंत्राचा सिनेमा अकोल्याजवळच्या एका शेतात काढला. ट्रॅक्टरवर चालणारी ती यंत्रं तेव्हा नवी होती आणि सैल कपडा अडकून माणसांचे हात जात होते. गोष्ट अशी की बायको शिदोरी घेऊन येते, नवऱ्याला गळ्यातला दुपट्टा, म्हणजे उपरणं, काढून ठेवायला सांगते, तो ऐकत नाही आणि त्याचा हात जातो. हाताच्या रक्तासाठी बिटाचा रस आटवून आणला होता. मी नवरा आणि ती बायको. त्या सकाळी सामान उतरवताना मी तिला विचारून टाकलं. तयारी बरीच केली होती, पण तोंडातून एवढंच निघालं की, "सिनेमातल्यासारखं घरीबी राहशील काय?" ती "सांगीन," म्हणाली आणि शिदोरीचं फडकं बांधू लागली.

दुपारी तिचा एकटीचा, जवळून चेहऱ्याचा शॉट होता. मला काकांनी यंत्राच्या पलीकडे कणसं टाकायला उभं केलं होतं. यंत्र धडधडत होतं, कानाशी तोंड नेलं तरी ऐकू येणार नाही असं. ती माझ्याकडे पाहून बोलू लागली. सांगायचं होतं एक वाक्य, दुपट्टा काढून ठेवा. पण ती बोलतच राहिली. काकांनी कॅमेरा थांबवला नाही, चेहरा छान दिसत होता म्हणे. चावी संपत आली तेव्हा तिला हसू आलं, पदर तोंडाशी गेला आणि कॅमेरा थांबला. मी पलीकडून नुसता पाहत होतो. यंत्र बंद झाल्यावर मी धावत जाऊन विचारलं, काय म्हणालीस? तर म्हणे, "दुपट्टा काढा म्हटलं. आणखी काय?"

पुढे काकांनी पातूरला जाऊन तिच्या भावाकडे बोलणं काढलं. भाऊ आधी नाही म्हणाला. सिनेमावाला, तोही मुका, असं त्याचं म्हणणं. मग काकांनी जामीन राहिल्यासारखं काहीतरी सांगितलं आणि तो तयार झाला. बैठकीत त्याने तिला सगळ्यांसमोर विचारलं, तुला पसंत आहे का. ती मान खाली घालून म्हणाली, "भाऊ म्हणते तसं." मी समोर बसलो होतो. लग्न ठरल्याचा आनंद झाला आणि त्याच वेळी ते वाक्य मनात कुसळासारखं रुतलं. भाऊ नाही म्हणाला असता तर हिने काय केलं असतं?

लग्नानंतर वर्षभराने आम्हाला अकोल्यातल्या एका मूकबधिर मुलांच्या शाळेने बोलावलं. जुन्या शहराकडून मोर्णेच्या पुलापर्यंत मी प्रोजेक्टरची पेटी खांद्यावर घेऊन चाललो होतो, शालिनी रिळांचे डबे घेऊन सोबत होती. आम्हाला वाटलं, बिनआवाजाचे सिनेमे यांच्याचसाठी काढलेत. सर्पदंशाचा लावला. मी पडलो, तडफडलो, अखेरचे शब्द बोलून डोळे मिटले. सगळी शाळा खदखदून हसली. शाळेच्या बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. मला काही कळेना, सबंध वऱ्हाड या मरणावर रडलं होतं. मग वर्षा नावाची दहाएक वर्षांची मुलगी पुढे आली. तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि दोन बोटं आपल्या दंडावरून सुरसुर चालवत खांद्यापर्यंत नेली. मग अंग झटकलं.

मुंगी. मरताना मी काकांना सांगत होतो की लवकर आटपा, खाली मुंग्यांचं वारूळ आहे, एक सदऱ्यात शिरली. या मुलांना शाळेत आरशासमोर बसवून ओठ वाचायला शिकवत होते. त्यांनी माझं मरण शब्दन् शब्द वाचलं होतं. त्या दिवसापासून त्या शाळेत माझं नाव म्हणजे दंडावरून चालणारी दोन बोटं. गुणवंत हे नाव तिथे कोणाला माहीत नाही. काकांनीही त्यानंतर आणखी एक नियम घातला. ओठांवर तेच यायला हवं जे गोष्टीत आहे. मूकपटाला संवाद लिहिणारे आम्हीच असू.

मी हसत होतो. परतीच्या एस.टी.त मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत शालिनी मात्र खिडकीबाहेर पाहत होती. मग तिने विचारलं, "तो मळणीचा पिक्चर या शाळेत दाखवता काय?" मी म्हटलं, काकांनी नाही आणला, रक्त पाहून लेकरं भितील म्हणून. ती म्हणाली, "आणूबी नका. मी आहे तोवर त्यातलं कोणाले विचारू नका." तिचे कान लाल झाले होते. मी कबूल केलं.

आणि पाळलं. सोपं नव्हतं. तो सिनेमा मी स्वतः कितीदा तरी पाहिला, भिंतीवर तिचा चेहरा खिडकीएवढा व्हायचा, ओठ हलायचे आणि शेजारी उभा असलेला माणूस सांगायचा की ताई म्हणतात, दुपट्टा काढून ठेवा. मी आरशासमोर बसून ओठ वाचायचा सरावही करून पाहिला. प, ब, म तर ओठांवर सारखेच दिसतात, त्यात माझ्या डोक्याचा भुगा झाला. घरात मात्र तो आमचा कायमचा विनोद झाला. वरणात मीठ जास्त झालं की मी म्हणे, त्या दिवशी हेच सांगत होतीस काय? तिला राग आला की ती म्हणे, "मी काय, भावानं देल्ली म्हणून आली." ती हे हसत म्हणायची. मीही हसायचो. पण कुसळ तिथेच होतं. संसार चांगला झाला आमचा, दोन मुली शिकल्या, भांडणं झाली ती भाजीतल्या तिखटावरून. एवढं सगळं मिळालेल्या माणसाने मनात अशी शंका ठेवावी हे बरं नव्हे, पण होती खरी.

पुढे व्हिडिओ आला आणि सिनेमे बोलू लागले. मलाही एकदा बोलक्या सिनेमात घेतलं. पुण्याहून आलेल्या साहेबांनी माझी दोन वाक्यं ऐकली आणि नम्रपणे सांगितलं की चेहरा तुमचाच ठेवू, आवाज दुसऱ्याचा घेऊ. मी घरी आलो. काका गेल्यावर त्यांच्या मुलाबरोबर पासपोर्टचे फोटो काढत राहिलो. खरं सांगायचं तर वाईट वाटलं. मला हाताने सांगता येत होतं ते आता कोणालाच नको होतं.

एक जागा मात्र उरली. वर्षा शिकून त्याच शाळेत शिक्षिका झाली आणि तिने मला दर वर्षी मुलांसमोर उभं करायला सुरुवात केली. मी तिथे दारुड्या होई, बाळंतीण होई, साप आणि सापाने चावलेला दोन्ही होई. शालिनी बरोबर यायची. वर्षा आणि ती कोपऱ्यात बसून हातांनी काय काय बोलायच्या आणि हसायच्या. मी जवळ गेलो की हात थांबायचे.

शालिनी दोन वर्षांपूर्वी गेली. आजारपण लांबलं नाही. शेवटच्या दिवसांत एकदा दवाखान्यात मी तिला विचारलं, आता तरी सांग. ती थकलेली होती. म्हणाली, "मी आहे तोवर नाही म्हटलं होतं ना. मंग घाई काहून करता?"

यंदा काकांच्या मुलाने जुने डबे उघडले. बऱ्याच रिळांना आंबूस वास सुटला होता आणि ती चिकटून गेली होती. जी वाचली ती त्याने मुंबईहून संगणकात उतरवून आणली आणि माझ्या मोबाइलमध्ये टाकून दिली. त्यात मळणीयंत्र होतं. मी ते तसंच ठेवून काही आठवडे काढले. भीती वाटत होती. समजा ती त्या दिवशी नाही म्हणाली असेल तर? समजा तिने म्हटलं असेल की भावाने जबरदस्ती केली तर पाहू? आता भांडायलाही ती नाही. मुली म्हणाल्या, बाबा, जाऊ द्या ना. शेवटी एका सकाळी मी अकोल्याची गाडी धरली.

वर्षा आता पन्नाशीच्या पुढची आहे, चष्मा लागला आहे. तिने दंडावरून दोन बोटं चालवून माझं स्वागत केलं. मी मोबाइल तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. तिने वर्गातल्या मोठ्या पडद्याला तो जोडला. मुलं जेवायला गेली होती. भिंतीवर शालिनी आली, तेविशीतली, कपाळावर घामाने विरघळलेलं कुंकू.

वर्षाने तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. कुठे थांबवी, मागे नेई, स्वतःचे ओठ तसे करून पाही. ती अकोल्याची म्हणून बरं, दुसरीकडची कोणी असती तर आमच्या बोलीलाच अडली असती. मग ती माझ्याकडे वळली आणि बोलू लागली. तिचा आवाज सपाट आहे, चढउतार नाहीत, शब्द सुटे सुटे पडतात. त्यामुळे असं झालं की शब्द तिचे राहिले नाहीत, माझ्या कानात ते शालिनीच्या आवाजात येऊ लागले.

"दुपट्टा काढून ठेवा. माह्याकडं पाहू नका, मशीनकडं पाहा. सकाळी विचारलं ना, तं हाव. मले पसंत आहे. भाऊ नाही म्हणन, तरी हाव. पण आता नाही सांगत. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, संध्याकाळपर्यंत साऱ्या अमरावतीले सांगान. इथं ऐकू नाही येत, म्हणून बोलून घेतलं."

मी विचारलं, पुढे? वर्षाने पडद्याकडे बोट केलं. शालिनीला हसू आलं होतं आणि पदर तोंडाशी गेला होता. पदरामागे ती आणखी काहीतरी बोलली आहे हे गालांच्या हालचालीवरून दिसतं. "पुढचं झाकलं," वर्षा म्हणाली. मग तिने सांगितलं की शालिनीताईंनी आपल्याला कधीच काही सांगितलं नव्हतं, पण हा माणूस एक दिवस सिनेमा घेऊन येईल, तेव्हा नीट वाच, एवढं म्हणून ठेवलं होतं.

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. आयुष्यभर लोकांना पडद्यावरून रडवल्यावर एवढी मुभा मला होती. मग मी वर्षाला म्हटलं, आणखी एकदा लाव. तिने लावला. शालिनी पुन्हा भिंतीवर आली आणि बोलू लागली. या वेळी मी उभा राहिलो. आधी पाहिलं. समजलं. आणि मग, तेव्हा यंत्राच्या पलीकडून द्यायचं राहून गेलेलं उत्तर मी तिला दिलं. आवाज काढला नाही, नुसते ओठ.

उत्तर देता देता माझ्या ध्यानात आलं की खोलीत ओठ वाचणारी बाई बसलेली आहे. मी वळून पाहिलं. वर्षाने खुर्ची फिरवून घेतली होती आणि आमच्याकडे पाठ करून ती खिडकीबाहेर, मुलं हात धुवत होती त्या नळाकडे पाहत होती.